परतीचा डबा

स्नेहलच्या आजीच्या घरातून दुसऱ्याचं भांडं कधी रिकामं परत गेलं नाही. शेजारणीने वाटीभर लोणचं दिलं, की ती वाटी घासूनपुसून परत जाताना तिच्यात मूठभर शेंगा असायच्या. शेंगा नसल्या तर गुळाचा खडा. अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. पन्हाळ्याच्या पायथ्याचं गाव, गल्लीत बारा-पंधरा घरं, आणि ही भांडी पोचवायचं काम लहानग्या स्नेहलकडे. नुसती वाटीच तर द्यायची आहे म्हणून ती पळायला लागली, की आजीची मागून हाक यायची, "थांब गं, रिकामी न्हेऊ नगंस."

स्नेहल मोठी झाली, पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. होस्टेलवर डबा मेसचा. तो रोज रिकामाच परत जायचा.

तिचे आजोबा, आबा, गुळव्या. गुऱ्हाळावर ऊस गाळणारे वेगळे, चुलवाणात चिपाड सारणारा वेगळा, पण काहिलीतला रस कधी गूळ झाला हे सांगणारा माणूस एकच, गुळव्या. रानभेंडीच्या पाण्याने मळी वर आली, ती काढली, रस तांबूस झाला, बुडबुडे जड व्हायला लागले, की आबा पळीने थेंबभर पाक गार पाण्यात सोडायचे आणि बोटांत घेऊन त्याची गोळी वळायचे. गोळी काहिलीच्या काठावर मारली आणि टणकन आवाज आला, की आबांचा शब्द: "उतरवा!" एक मिनिट आधी उतरवली तर गूळ बसत नाही, एक मिनिट उशीर झाला तर काळा पडतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्या मानांकनामागे अजूनही कुणाचे तरी डोळे आणि कुणाची तरी बोटं असतात. आबांचे डोळे पन्नास वर्षांच्या धुराने थकले होते. आणि त्यांच्या हाताखाली शिकायला गावातलं एकही पोर यायला तयार नव्हतं.

स्नेहलच्या डोक्यात कल्पना आली ती इथून. काहिलीत सोडता येईल असा तापमानाचा प्रोब, वर एक छोटा डबीएवढा बोर्ड, आणि पाक झाला की वाजणारा भोंगा. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिने कॉलेजच्या लॅबमध्ये तो जोडलाही. साखरेच्या पाकात, गॅसच्या शेगडीवर, पातेल्यात तो छान चालला.

अशी कल्पना घेऊन फिरणाऱ्या मुलांना पुण्यात जागांची कमी नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर २००७ पासून उभं आहे. पुणे ओपन कॉफी क्लबच्या भेटीगाठी २००८ पासूनच्या. १६ जानेवारी २०१६ला 'स्टार्टअप इंडिया' सुरू झालं आणि त्यानंतर तर कॉलेजमधल्या पोरांच्या तोंडीही फाउंडर, पिच, फंडिंग हे शब्द रुळले. बाणेरमध्ये, कुठल्या तरी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, शनिवारी संध्याकाळी पन्नास-साठ माणसं जमतात. छातीवर नावाचं स्टिकर, हातात कागदी कपातला चहा, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: "तुम्ही काय करता?"

पहिल्या शनिवारी स्नेहल भिंतीला टेकून उभी राहिली आणि समोसा न खाता परत आली. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला त्या खोलीत काय वाटतं, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. पण मुलगी जिद्दीची. आरशासमोर उभी राहून तिने आपली गोष्ट नव्वद सेकंदांत बसवली. तिसऱ्या शनिवारी ती स्वतःहून पुढे झाली, हात पुढे केला, कार्ड मागितलं. मग तिला त्याची गोडी लागली. दसऱ्यापर्यंत तिच्या एक्सेल शीटमध्ये ४३ नावं झाली होती. नाव, कंपनी, फोन, कुठे भेटलो, आणि शेवटचा रकाना फॉलो-अप.

हे सगळं तिला शिकवण्यात आलं होतं. कॉलेजच्या कार्यशाळेत नेटवर्किंगवर तासभर भाषण झालं होतं आणि त्यात कार्ड कसं द्यावं, नजर कुठे ठेवावी, दोन दिवसांत मेसेज कसा पाठवावा, सारं सांगितलं होतं. मला त्या शब्दाची थोडी धास्तीच वाटते. जाळं म्हटलं की समोरचा माणूस आपोआप मासा होतो. आपल्याकडे याच गोष्टीला जुना, साधा शब्द आहे, येणं-जाणं. त्यात दोन क्रिया आहेत, आणि कार्यशाळेत त्यातली एकच शिकवली होती.

स्नेहलने ४३ जणांना मेसेज पाठवला. 'नमस्कार सर, आपल्याला भेटून आनंद झाला. मी विद्यार्थिनी असून गूळ उद्योगासाठी उपकरण बनवत आहे. आपलं मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.' बायकांना 'सर'च्या जागी 'मॅडम'. पाच जणांनी अंगठा पाठवला. बाकीच्यांनी तेही नाही. तिला वाईट वाटलं, आणि ते साहजिक होतं. पण या मेसेजला कुणी काय उत्तर द्यावं? त्यात आभार होते, नम्रता होती, फक्त प्रश्न नव्हता.

त्या ४३ जणांत एक कुलकर्णी मॅडम होत्या. खाद्यपदार्थांची यंत्रं बनवणारा छोटा कारखाना त्यांनी वीस वर्षं चालवला होता, आता नव्या मुलांबरोबर बसायच्या. जुलैमधल्या एका शनिवारी त्यांनी स्नेहलचे नव्वद सेकंद पूर्ण ऐकून घेतले आणि विचारलं, "गुऱ्हाळावर किती रात्री काढल्यास?"

"आमच्या आबांचंच..." स्नेहल म्हणाली.

"तसं नाही. वही घेऊन किती रात्री बसलीस? प्रत्येक काहिलीचं तापमान लिही आणि आजोबा 'उतरवा' म्हणतात तेव्हाचा आकडा लिही. पंचवीस-तीस काहिली झाल्या की मला सांग."

स्नेहलने मान डोलावली, शीटमध्ये मॅडमच्या नावासमोर 'चांगली भेट' असं लिहिलं आणि पुढच्या कपाकडे वळली.

ऑक्टोबरमध्ये मॅडम पुन्हा दिसल्या. स्नेहलचे नव्वद सेकंद आता अजून घोटीव झाले होते. ती बोलायला लागली तशी मॅडमनी हलक्या हाताने तिला थांबवलं.

"स्नेहल, जुलैमध्ये मी तुला एक काम सांगितलं होतं. त्याचं काय झालं?"

तिच्या ओठांवर तीन कारणं आली. परीक्षा होती, सबमिशन होतं, आणि पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असतात. तिसरं तर खरंच होतं. तेच तिने सांगितलं.

"मग तेवढंच कळवायचंस की," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "दसऱ्यानंतर गुऱ्हाळं सुरू होतील तेव्हा करते, एवढी एक ओळ. मी वाट पाहत होते."

"तुम्ही वाट पाहत होतात?"

"अगं, ज्याने सांगितलेलं असतं तो विसरत नाही."

त्या रात्री स्नेहल शीट उघडून बसली. ४३ नावांपैकी कुणी आपल्याला काय सांगितलं होतं, ते आठवायला लागली. नऊ जणांचं आठवलं. उरलेल्या ३४ जणांना तिने काही विचारलंच नव्हतं. फक्त स्वतःबद्दल सांगितलं होतं. आणि ज्या नऊ जणांनी काही दिलं होतं, त्यांच्यापैकी एकाकडेही ती परत गेली नव्हती.

दिवाळीला घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात फराळाचे डबे चालले होते. मागच्या आळीच्या काकूंनी चकल्या पाठवल्या होत्या, त्यांचा डबा ओट्यावर धुऊन पालथा घातलेला. आजी त्यात करंज्या भरत होती. एक करंजी फुटली होती, ती तिने बाजूला काढली आणि दुसरी अखंड शोधून ठेवली.

"आजी, त्यांच्याकडे करंज्या असतीलच की."

"असूं देत."

"मग कशाला?"

आजीने झाकण लावलं, वरून हात फिरवला. "रिकामा डबा परत गेला की देणाऱ्याला वाटतंय, संपलं. ह्यात काय तरी असलं की त्ये घर आपल्याकडं परत येतंय. जा, देऊन ये. आणि चकली खुसखुशीत झालीती म्हणून सांग त्यांस्नी, न्हाईतर जीव टांगणीला लावून बसतीली ती बाई."

स्नेहल डबा घेऊन निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत जाईस्तोवर तिची चाल मंदावली होती.

पाडव्याला कोल्हापूरच्या बाजारात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघाले आणि दुसऱ्या दिवसापासून ती आबांबरोबर गुऱ्हाळावर जाऊन बसायला लागली. सुट्टीचे एकोणीस दिवस. रात्री दोनला थंडी अशी, की चुलवाणाकडे तोंड केलं तर पाठ गारठते आणि पाठ केली तर तोंड. वहीत तिने रकाने आखले होते. काहील कितवी, ऊस कुणाच्या रानातला, जात कोणती, घड्याळ, आकडा. शेवटचा रकाना आबांच्या शब्दासाठी. तिथे 'अजून कवळा', 'आला, आला', 'उतरवा' असं जसंच्या तसं लिहिलेलं. वाफेने शाई फुटायची म्हणून चौथ्या दिवसापासून ती पेन्सिल वापरायला लागली.

३१ काहिली झाल्या. बहुतेक वेळा आबांचा शब्द ११६ ते ११९ अंशांच्या मध्ये पडत होता. पण चार काहिली वेगळ्या होत्या. आबा थांबले होते, आकडा पुढे गेला तरी थांबले होते. चारही नदीकाठच्या क्षारपड रानातला ऊस. "त्या रानाचा पाक खोटं बोलतोय," आबा म्हणाले. "त्येला जरा जास्त इचारावं लागतंय." पातेल्यातल्या साखरेने हे तिला कधीच सांगितलं नसतं.

तिने वहीच्या पानांचे फोटो काढले आणि मॅडमना पाठवले. खाली तीन ओळी. 'तुम्ही सांगितलेलं केलं. ३१ काहिली. चार काहिली वेगळ्या निघाल्या, कारण अजून कळलं नाही.'

अकरा मिनिटांत फोन वाजला.

मग तिने उरलेल्या आठ जणांची यादी काढली. एकाने कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात जाऊन ये म्हटलं होतं. ती गेली. काकवी साधारण १०५ अंशांना उतरवतात आणि गूळ ११८च्या आसपास, हे तिथे बसून समजून घेतलं, आणि आबांची बोटं त्या आकड्याच्या किती जवळ राहतात ते पाहून तिला आबांचा नव्याने अभिमान वाटला. ते सगळं तिने त्या माणसाला लिहून कळवलं. दुसऱ्याने एक पुस्तक सुचवलं होतं; तिला त्यातली दोनच प्रकरणं कळली, तिने दोनच कळली असं सांगितलं. तिसऱ्याचा सल्ला तिला पटला नव्हता. का पटला नाही, ते तिने नीट मांडलं. सगळ्यात मोठं उत्तर त्याचंच आलं.

विद्यार्थ्याला नेहमी वाटतं, आपल्याकडे द्यायला काय आहे? पैसा नाही, ओळख नाही, अनुभव नाही. मोठ्या माणसांच्या खोलीत आपण हात पसरूनच शिरणार. मला हे मनापासून चूक वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा १९१०मध्ये औंधच्या राजांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची माळजमीन दिली, दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ही गोष्ट सांगताना आपण राजाच्या उदारपणापाशी थांबतो. पण लक्ष्मणराव त्याआधी औंधमध्ये बांधकामाचं काम करत होते, आणि राजांनी ते काम डोळ्यांनी पाहिलेलं होतं. विद्यार्थ्याकडे तर मोठ्यांकडे नसणाऱ्या दोन गोष्टी असतात, वेळ आणि पाय. तो एकोणीस रात्री गुऱ्हाळावर बसू शकतो. कारखाना चालवणारी बाई बसू शकत नाही, पण त्या रात्रींत काय घडलं ते तिला हवं असतं.

त्या नऊ जणांतल्या एकाने, बॉयलरच्या कामातल्या एका गृहस्थांनी, स्नेहलला सांगितलं होतं की उघडा प्रोब टिकणार नाही, त्याला स्टेनलेसची नळी घाल आणि ती नळी कोल्हापुरातच उद्यमनगरात करून घे. म्हणून ती बापू मेस्त्रींकडे गेली. पत्र्याचं शेड, एक जुना लेथ, भिंतीवर अंबाबाईचं कॅलेंडर. बापूंनी वहीतलं चित्र पाहिलं, "सांच्याला ये" म्हणाले, आणि संध्याकाळी नळी तयार होती. ३०४ची, जाड भिंतीची, भक्कम. मजुरी दीडशे.

डिसेंबरात तीच नळी घात करून बसली. पाक नळीला चिकटला, जळला, त्याचा थर बसला, आणि आकडा मागे पडत गेला. डबी ११२ दाखवत होती तेव्हा काहील केव्हाच पुढे गेली होती. त्या रात्री आबांनी पहिल्यांदाच पळी बाजूला ठेवून नातीच्या यंत्रावर भरवसा टाकला होता. वास आला तेव्हा तेच ओरडले, "उतरवा! उतरवा!" पण उशीर झाला होता. चार रवे, तीस-तीस किलोंचे, काळे पडले. गुऱ्हाळाच्या मालकाने आबांना काही म्हटलं नाही. फक्त रव्यांकडे बघत उभा राहिला. आबांनी त्या आठवड्याची मजुरी घेतली नाही.

स्नेहल दोन दिवस कुणाशी बोलली नाही. नऊ जणांना काय सांगायचं? चांगलं चाललंय म्हणून सांगून आठ दिवस झाले होते. गप्प बसणं सोपं होतं. तिने तरीही लिहिलं. चार रवे काळे पडले, चूक यंत्राची, म्हणजे माझी. जळलेल्या नळीचा फोटो सोबत. तो मेसेज पाठवताना तिचा हात थरथरत होता. त्या मेसेजला जेवढी उत्तरं आली, तेवढी आधीच्या एकाही आनंदाच्या बातमीला आली नव्हती. दोघांनी आपले काळे पडलेले रवे सांगितले, म्हणजे आपले बुडालेले माल, परत आलेली यंत्रं. बाणेरच्या त्या खोलीत ही माणसं हे कधी बोलली नव्हती.

आणि जळलेली नळी घेऊन ती बापूंकडे गेली. दुसरं दुकान शोधायला गेली नाही. नळी त्यांच्या हातात दिली आणि काय काय झालं ते सांगितलं.

बापूंनी चष्मा चढवला. जळका थर नखाने खरवडला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"माझं काय चुकलं ते विचारायला आलो न्हवं का मी?" ती घाबरून म्हणाली. गावात आली की आजीसारखंच 'आलो-गेलो' तिच्या तोंडी यायचं.

"तुझं न्हाई." त्यांनी नळी उजेडाकडे धरली. "चाळीस वर्सं झाली जॉब करतोय पोरी. हितनं गेल्याला जॉब पुढं काय करतोय ते सांगाय कोन परत येत न्हाई. बिघडला तर दुसऱ्याकडं जात्यात." नळी त्यांनी परत दिली नाही. "ऱ्हाऊ दे हितंच."

पैसे घ्यायला ते तयार होईनात. आठ दिवसांनी आजीने स्टीलच्या डब्यात काकवी भरून दिली, मेस्त्रींच्या घरी म्हणून. त्याच फेरीत स्नेहलने बापूंच्या लेथच्या मोटारीची वारंवार जळणारी वायर तपासली, स्टार्टरमधला सैल स्क्रू आवळला. दहा मिनिटांचं काम. बापू म्हणाले, तीन महिने त्रास देत होतं ते.

पुण्यात परतल्यावर आणखी एक गोष्ट झाली, आणि ती तिने ठरवून केली नव्हती. शनिवारच्या भेटीत एक मुलगा भेटला, दूध थंड ठेवायच्या टाक्यांवर काम करणारा. त्याला स्टेनलेसचे बारीक सुटे भाग फक्त सहा हवे होते. कोणताही कारखाना सहा नग करायला तयार नव्हता. त्याची कंपनी काय, फंडिंग किती, हे स्नेहलने विचारलंच नाही. तिने बापूंचा नंबर दिला, बापूंना स्वतः फोन करून मुलाचं काम समजावून सांगितलं, आणि आठवड्याने दोघांनाही विचारलं, जमलं का? जमलं होतं. तिच्या शीटमध्ये 'फॉलो-अप'चा रकाना होता, त्याचं नाव बदलून तिने 'काय झालं?' असं केलं.

फेब्रुवारीत बापूंचा पुतण्या कामासाठी पुण्याला आला, तो होस्टेलच्या गेटवर आजीचा स्टीलचा डबा देऊन गेला. जड होता. स्नेहलला वाटलं, मेस्त्रीणबाईंनी शेंगदाण्याची चटणी पाठवली असेल. झाकण उघडलं तर वर्तमानपत्राची गुंडाळी, आणि आत नळी.

नवी नळी. टोकाला निमुळती. भिंत पहिलीच्या निम्मी. आणि बाहेरून अशी बफ केलेली, की त्यात तिचा अख्खा चेहरा लांबुडका दिसत होता. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलेलं, 'दुधाच्या टाकीचं काम केलं त्या पोराचं. खरखरीत पत्र्याला दूध धरतं, गुळगुळीत पत्र्याला धरत नाही. तुझ्या पाकाचं पण तसंच असंल. करून बघ आणि सांग.'

ती गेटवर तशीच उभी राहिली. वॉचमनने विचारलं, "काय झालं ताई, काही वाईट बातमी?"

पुढच्या शनिवारी ती पुण्यात नव्हती, गुऱ्हाळावर होती. आबा काहिलीच्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. पाक चढत गेला. नळीवर थर धरेना. फेस टोकाशी येऊन घसरून जायचा. आबांनी पळीने थेंब घेतला, पाण्यात सोडला, बोटांत वळला. गोळी काठावर मारायला त्यांनी हात उचलला आणि भोंगा वाजला. आबा हात तसाच वर धरून थांबले. मग त्यांनी गोळी मारली. टण्.

"उतरवा," आबा म्हणाले. पण आधी नातीकडे पाहिलं.

भोंगा वाजला त्या क्षणाचा व्हिडिओ तिने सगळ्यात आधी बापूंना पाठवला, मग मॅडमना, मग बॉयलरवाल्या गृहस्थांना आणि इतरांना. मॅडमनी उलट लिहिलं की केंद्र सरकारच्या निधी-प्रयास योजनेतून प्रोटोटाइपसाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते, अर्ज भर, मी वाचून देते. अर्ज भरायला बसली तेव्हा 'तुम्हाला कोणाचं साहाय्य मिळालं' या अर्थाचा एक रकाना तिने स्वतःच जोडला आणि त्यात पहिलं नाव लिहिलं ते लेथवाल्याचं.

मार्चमध्ये बापू मेस्त्री पुण्याला आले. दूधवाल्या मुलाने आग्रह केला होता, स्नेहलने तिकीट काढलं होतं. बाणेरच्या चौथ्या मजल्यावर, छातीवर स्टिकर लावायला त्यांनी ठाम नकार दिला. खाकी पँट, पांढरा शर्ट, पायात चप्पल, मांडीवर आजीचा तोच डबा. त्यात आजीने गुळाच्या वड्या दिल्या होत्या, सगळ्यांना वाटायला. सुरुवातीला ते खुर्चीच्या टोकावर बसले होते. मग एकीने लॅपटॉपवरचं ड्रॉइंग त्यांच्यासमोर धरलं. बापूंनी स्क्रीनवर बोट ठेवलं, "हितं गोलाई दे, न्हाईतर हितंच मोडतंय बघ." दुसरा पुढे आला. तिसरा. तासाभराने त्यांच्याभोवती कोंडाळं होतं आणि गुळाच्या वड्या केव्हाच संपल्या होत्या. पहिल्या वर्षाचा एक मुलगा भिंतीला टेकून उभा होता, हातातला समोसा तसाच. स्नेहलने त्याला ओढून बापूंसमोर उभं केलं. "याला काय करायचंय ते ऐका," म्हणाली, आणि त्याच्या कानात, "काय सांगतील ते लिहून घे. आणि करून झालं की परत येऊन सांग."

रात्री ती बापूंना स्वारगेटला सोडायला गेली. कोल्हापूरची गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर बापूंनी डबा मांडीवर घेतला आणि वजन करावं तसा हातात तोलला. मग झाकण उघडलं.

आत बाकरवड्या होत्या. काठोकाठ भरलेल्या, वरून पेपर नॅपकिन दुमडून ठेवलेला.

"तू भरलंस व्हय?"

"न्हाई. मी तर तुमच्याजवळच होतो की."

बापूंनी नॅपकिन उलटसुलट करून पाहिला. त्यावर कुणाचं नाव नव्हतं. कोंडाळ्यात तीसेक माणसं होती. त्यांनी नॅपकिन नीट घडी करून परत वर ठेवला, झाकण दाबून लावलं आणि डबा पिशवीत सरळ उभा केला, कलंडणार नाही असा.